खंडेनवमीचा कागद

मी वाचायला शिकले ती उलटी. म्हणजे आरशात दिसतात तशी अक्षरं. आमच्या घरात पाटी-पेन्सिलीच्या आधी छापखान्याचे खिळे हाताला लागायचे, शिशाचे, थंडगार, चिमटीत मावणारे. खिळ्यावरचा 'ग' उलटा असतो आणि कागदावर सुलटा उमटतो, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. त्यात काही विशेष आहे हे मात्र कळलं ते पासष्टीला, इथे सिडनीत, टूनगॅबीला मुलाकडे राहायला आल्यावर. नातीबरोबर, ईराबरोबर, स्टेशनकडे चालले होते. समोरून अँब्युलन्स आली. तिच्या तोंडावर नाव उलटं लिहिलेलं असतं ना, पुढच्या गाडीवाल्याला आरशात सुलटं दिसावं म्हणून, ते मी घडाघडा वाचलं. ईरा थांबलीच. "आजी, हाऊ डिड यू डू दॅट?" म्हटलं, बाई, मी आधी हेच शिकले, सुलटं नंतर.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत छापखाना, मागच्या खोलीत आम्ही. मधे दार होतं, पण ते कधी लागलेलं मी पाहिलं नाही, कारण दाराला टेकून कागदाचे गठ्ठे असायचे. त्यामुळे आईच्या फोडणीला रॉकेलचा वास आणि नानांच्या शाईला लसणाचा. मशीन होतं पायाने चालवायचं, ट्रेडल म्हणत त्याला. त्याचा आवाज असा, आधी एक खटका, मग जड पाऊल टाकल्यासारखा धप्प. खटक्-धप्प, खटक्-धप्प. त्या तालावर मी पाढे पाठ केले आणि आईने पीठ मळलं. नाना खिळे जुळवायचे, आई पाय मारायची, मी कागद उचलून वाळत घालायचे. आई मशीनवर उभी असली की भाकरी माझ्याकडे, आणि माझी भाकरी नेहमी एका बाजूला जाड व्हायची. नाना ती हातात घेऊन म्हणायचे, "सुमे, हिचा फर्मा नीट आवळला नाहीस."

फर्मा म्हणजे लोखंडी चौकट. जुळवलेलं पान त्यात बसवायचं आणि कडेने लाकडी पाचरी ठोकून घट्ट करायचं, म्हणजे उचललं तरी एक खिळा गळत नाही. नानांच्या साप्ताहिकाचं नावही 'पाचर'च. चार पानं, दर शुक्रवारी. ते म्हणायचे, आपण अक्षरांना धरून ठेवायला पाचर मारतो आणि सरकारच्या बुडाखाली पण मारतो, लाकूड एकच. कुठल्या पक्षाचे नव्हते ते. पक्षवाल्यांनाच त्यांचा जास्त राग यायचा. माणसावर माणसाने हुकूम चालवू नये, मग हुकूम करणारा आपल्यातला का असेना, एवढंच त्यांचं म्हणणं, आणि ते त्यांनी साखर कारखान्याच्या चेअरमनपासून आमच्या शाळेच्या हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना लागू केलेलं. त्यामुळे घरी पाहुणे फार यायचे नाहीत.

पण एक पाहुणा कायमचा होता. खिळ्यांचे खण ठेवायच्या लाकडी घोडीच्या वर, भिंतीला, कुठल्याशा इंग्रजी मासिकातून कापलेला एक फोटो खळीने चिकटवलेला होता. भरघोस मिशा, गोल चष्मा, विस्कटलेले केस. आम्ही त्याला मेक्सिकोकाका म्हणायचो. मला बरीच वर्षं वाटायचं की हे नानांचे मोठे भाऊ आणि मेक्सिको हे कोकणातलं गाव. नाना त्यांची गोष्ट सांगायचे ती घरातल्या माणसाची सांगावी तशी. "ह्यांनी पेपर काढला, सरकारने छापखाना मोडला. पुन्हा काढला, तुरुंगात टाकलं. सुटले आणि सीमा ओलांडून पलीकडच्या देशात गेले, तिथून पेपर काढायला लागले. तिथल्या सरकारने पण तुरुंगात टाकलं. तुरुंगात डोळे गेले. सरकार म्हणालं, चूक झाली म्हणा, सोडतो. नाही म्हणाले." मी विचारायचे, "मग?" "मग काय. कोठडीतच गेले." आई मागच्या खोलीतून म्हणायची, "सांगा, पोरीला जेवायच्या वेळेला हेच सांगा."

एकदा तिने विचारलं होतं, "ह्या तुमच्या मेक्सिकोकाकांना बायको होती का हो?"

"होती. म्हणजे लग्नाची नव्हती, पण होती."

"मग तिचा फोटो कुठाय?"

नाना खाली वाकून खिळे निवडायला लागले.

आता एक छापखान्यातली गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कायदाच आहे की प्रत्येक वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाला, एक ओळ पाहिजे: हे साप्ताहिक मालक, मुद्रक, प्रकाशक अमुकतमुक यांनी अमुक छापखान्यात छापून तेथेच प्रसिद्ध केले. सगळ्यात बारीक टायपात असते ती, कुणी वाचत नाही. अंक छापून झाला की बाकी सगळं पान मोडायचं, एकेक खिळा आपापल्या घरात परत टाकायचा. पण ही ओळ मोडायची नाही. दर आठवड्याला तीच लागते, मग पुन्हापुन्हा कोण जुळवेल? म्हणून ती सुतळीने बांधून पान बांधायच्या दगडी पाट्याच्या कोपऱ्यात उभी ठेवलेली असायची. नानांना त्यातला 'मालक' हा शब्द सहन व्हायचा नाही. पण ओळ त्यांना पटायची. मला सांगायचे, "सुमे, ज्या कागदाखाली नाव नाही तो कागद भित्र्याचा. लग्नपत्रिका असो नाहीतर हँडबिल, इथून बेवारस कागद बाहेर जायचा नाही." त्यामुळे पान बांधताना शेवटी डावा हात कोपऱ्याकडे जायचा, ओळ उचलायची, तळाला बसवायची. हाताला शिकवावं लागायचं नाही.

मग आणीबाणीचे दिवस आले. काय छापायचं ते आधी सरकारला दाखवायचं, असा हुकूम निघाला. नानांनी दाखवलं नाही. सकाळची वेळ, आई थालीपीठ लावत होती, तीन पोलीस आले. त्यातला एक नानांच्याच गावचा, तो अवघडून म्हणाला, "मास्तर, आवरून घ्या." नानांनी हात धुतले, पण शाई काही सुटत नव्हती. आईने तव्यावरचं थालीपीठ तसंच केळीच्या पानात गुंडाळून त्यांच्या हातात दिलं. मशीनला त्यांनी कुलूप घातलं नाही. आईला सांगून गेले, "पत्रिका छापा, पावत्या छापा. पेपर नको."

त्यानंतरचं वर्ष मला दशम्यांच्या वासाने आठवतं. दुधात पीठ भिजवून केलेल्या भाकऱ्या, दोन दिवस टिकतात. पंधरा दिवसांनी एकदा भेट मिळायची. एसटीने चार तास जायचं, फाटकावर शिपाई एकेक दशमी मोडून आत काही आहे का बघायचा, आणि मग जाळीच्या पलीकडे नाना. पहिल्या खेपेला आई म्हणाली, "मोडल्यात त्यांनी सगळ्या." नाना म्हणाले, "बरं झालं, मला तोडायचे कष्ट वाचले." तिथल्या साहेबाने त्यांच्यापुढे एक कागद ठेवला होता. यापुढे पेपर काढणार नाही, एवढी सही करा आणि घरी जा. नाना सही करत नव्हते. परतीच्या एसटीत आई खिडकीबाहेर बघत एकदम म्हणाली, "तो मेला मिशाळ भिंतीवरचा." मला हसू आलं, आणि मग दिसलं की ती रडतेय.

पावसाळा संपता संपता नानांना डोळ्यांचा त्रास सुरू झाला. जाळीतून माझ्याकडे बघताना मान तिरकी करायला लागले, कोंबडी बघते तशी. डावीकडून कुणी आलं की दचकायचे. तुरुंगातल्या डॉक्टरांनी थेंब दिले. आई घरी आल्यावर देवापुढे न बसता तडक सरकारी कचेरीत गेली. मी बरोबर होते. तिथे एक साहेब होते, वयस्कर, नानांचा पेपर चोरून वाचणारे. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "वहिनी, त्यांची सही मी मागत नाही. तुम्ही फक्त गप्प राहा. 'पाचर' कायमचा बंद झालाय, गावात त्याचं नाव उरलं नाही, असा रिपोर्ट दिवाळीपर्यंत मला पाठवता आला, की आजाराच्या कारणावरून सोडवतो. मोठ्या शहरात डोळा दाखवा. वेळेत दाखवलात तर वाचेल."

"आम्ही काय करायचं?" आईने विचारलं.

"काही करायचं नाही. तेच तर सांगतोय."

रस्त्यात आईने माझा दंड धरला. "ऐकलंस ना? दिवाळीपर्यंत." मी मान हलवली. मी ऐकलं होतं. हे मी आत्ताच लिहून ठेवते, मी ऐकलं होतं.

आता खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा करतात, सुतार करवतीची करतो, शेतकरी नांगराची. नाना देव मानत नव्हते, पण ही पूजा चुकवायचे नाहीत. म्हणायचे, "जे माझ्यावर हुकूम चालवत नाही आणि माझं पोट भरतं, त्याला नमस्कार करायला लाज कसली?" मशीन रॉकेलने पुसायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा. आणि आमच्या छापखान्याचा रिवाज असा की पूजा झाल्यावर मशीनला उपाशी ठेवायचं नाही. एक कागद छापायचाच. दसऱ्याच्या शुभेच्छांचा छोटासा कागद, तो दुसऱ्या दिवशी आपट्याच्या पानांबरोबर घरोघर द्यायचा. लोक वाट बघायचे त्याची, काहीजण देवघरात ठेवायचे.

त्या वर्षी आई म्हणाली, "छाप चार ओळी. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. बाकी एक अक्षर नाही." मी जुळवलं. वर नुसती वेलबुट्टी. त्यात न चालण्यासारखं काही नव्हतं. आई पुरणाची डाळ बघायला मागे गेली होती, तिथून ओरडली, "झालं का गं? डाळ शिजली!" मी म्हटलं, "झालं, आवळतेय." मग फर्मा आवळला, आई आली, तिने पाय मारला, साठेक कागद काढले. दसऱ्याला मी ते वाटले. लोकांनी डोळ्यांना लावून घेतले. वाण्याच्या दुकानात म्हातारा वाणी कागद जवळ धरून बराच वेळ बघत राहिला, मग माझ्याकडे बघितलं, आणि कागद घडी करून बंडीच्या खिशात ठेवला.

आठव्या दिवशी साहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं. टेबलावर तोच कागद. त्यांनी तळाशी बोट ठेवलं. साप्ताहिक 'पाचर', मालक, मुद्रक, प्रकाशक, आणि नानांचं पूर्ण नाव, छापून तेथेच प्रसिद्ध केले. ती ओळ गावात कुणी कधी वाचली नव्हती. ह्या वेळी कुणीतरी वाचली, आणि कागद वर पाठवला. "वहिनी," साहेब म्हणाले, "माणूस आत आहे आणि त्याच्या नावाने अंक निघतोय. वर काय लिहू मी? सांगा तुम्हीच." आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सवयीने झालं. हात गेला कोपऱ्याकडे." ते सगळ्यांना पटलं. छापखान्यात वाढलेल्या कुणालाही पटेल.

सुटका राहिली. पुढच्या भेटीला मी एसटीत चार तास वाक्य जुळवत गेले. नानांना आधीच कळलं होतं, तिथे बातम्या भिंतीतून जातात. मी जाळी धरली आणि तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "काय हो मुद्रक-प्रकाशक! ओळ सरळ बसली होती का?"

"हो."

"त्यातला एक 'क' मोडका होता. बदललास?"

"नाही. राहिला."

"राहू दे. ओळखीचा आहे." आणि ते हसायला लागले. तिरक्या मानेने, खोकला येईपर्यंत.

"हसा!" आई म्हणाली. एवढ्या मोठ्याने ती कधी बोलली नव्हती, शिपाईसुद्धा वळला. "हसा तुम्ही! डोळा जातोय आणि ह्यांना 'क' पडलाय! तुमच्या मेक्सिकोकाकांना दिसेनासं झाल्यावर त्यांचा हात धरून कोण नेत होतं ते कधी सांगितलंत पोरीला? उद्या मला धरायचाय तो हात. मला!"

नानांनी जाळीतून एक बोट बाहेर काढलं, जेमतेम एक पेर बाहेर आलं, आणि आईने त्या पेरावर आपलं बोट टेकवलं. भेट संपेपर्यंत ती दोघं तशीच उभी होती. मी दशम्यांचं फडकं घडी करत होते, पुन्हा उलगडत होते.

नाना सुटले ते उन्हाळ्यात, सगळ्यांबरोबरच. डावा डोळा गेला होता. उजव्याने त्यांनी आणखी बरीच वर्षं 'पाचर' काढला, खिळे बोटांनी चाचपून जुळवायचे. फोटो भिंतीवर तसाच होता. त्याच्या शेजारी मात्र आईचा एक फोटो लागला, गावच्या स्टुडिओत काढलेला, रागावल्यासारखा. आईनेच लावून घेतला की नानांनी लावला, हे मी कधी विचारलं नाही. आज तोच फोटो टूनगॅबीला माझ्या खोलीत आहे. इथल्या लायब्ररीत दर मंगळवारी आम्हा म्हाताऱ्यांचा इंग्रजी बोलायचा वर्ग असतो, तिथे लुपिता नावाची एक मेक्सिकन बाई येते. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी तिला मेक्सिकोकाकांची गोष्ट सांगायला लागले, तर निम्म्यातच तिने त्यांचं नाव घेतलं. छातीवर हात ठेवून म्हणाली, त्यांच्या नावाच्या शाळा आहेत, रस्ते आहेत. मी विचारलं, त्यांच्या बायकोच्या नावाचा रस्ता आहे का? लुपिताने डोकं खाजवलं. आई असती तर म्हणाली असती, बघा.

तर हे मी वहीत लिहिलं, आणि छोटंसं पुस्तक काढायचं म्हणून ईरा ते लॅपटॉपवर उतरवून घेतेय. रविवारच्या मराठी शाळेत शिकलेली अक्षरं, एका बोटाने, एकेक शोधून टाकते. बघताना मला नानांची चिमटी आठवते. ती आज पंधरा वर्षांची आहे, मी त्या खंडेनवमीला होते तेवढीच. साहेबांपुढचं वाक्य तिने उतरवलं, 'सवयीने झालं', आणि म्हणाली, "आजी, इट वॉज जस्ट अ मिस्टेक. यू वर अ किड."

मी म्हटलं, थांब, पुढचं वहीत नाही, मी सांगते तसं लिही. हात कोपऱ्याकडे गेला हे खरं, सवयीनेच गेला. पण ओळ उचलल्यावर मी थांबले. आई मागच्या खोलीतून ओरडली तेव्हा ती ओळ माझ्या हातात होती. मला उलटं वाचता येत होतं, सुलट्यापेक्षा चांगलं. मी ती पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचली. साहेबांचा शब्द मला आठवत होता, नानांची तिरकी मान आठवत होती. आणि हेही आठवत होतं की आठ दिवसांपूर्वी वाण्याच्या दुकानात कुणीतरी म्हणालं होतं, "पाचर निघायचा तेव्हा बरं होतं." निघायचा. म्हणजे नाना मेल्यासारखेच. मला वाटलं, एकदा, एका कागदावर, त्यांचं नाव गावात फिरू दे. मी ओळ बसवली, आणि पाचर ठोकली. आईला हे कधी कळलं नाही. नानांना कळलं होतं असं मला वाटतं, नाहीतर ओळ सरळ बसली का, असं कुणी चुकीबद्दल विचारत नाही. पण मी त्यांनाही सांगितलं नाही. कृत्य माझं होतं आणि खाली नाव त्यांचं. डोळाही त्यांचाच गेला.

ईराचं बोट थांबलं होतं. "सो यू न्यू," ती म्हणाली.

"हो."

"आणि तुला आता... रिग्रेट वाटतं?"

"डोळ्याचं वाटतं. रोज वाटतं. ओळीचं काय वाटतं ते अजून मला नीट सांगता येत नाही."

बाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं मशीन चालू होतं. मग तिने पानाच्या तळाशी जाऊन विचारलं, "आजी, इथे पब्लिशरचं नाव लागतं. डॅड म्हणाला, माझं टाक, नो वरीज."

"नाही. माझं टाक. आणि 'मालक' लिहू नकोस, नुसतं मुद्रक, प्रकाशक."

"बट दॅट्स द लॉ?"

"नानांना आवडायचा नाही तो शब्द."

ती हसली. सगळ्यात बारीक अक्षर घे म्हटलं, घेतलं तिने. एकेक अक्षर उचलून माझं नाव बसवलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मी चष्मा कपाळावर सारला आणि स्क्रीनला नाक लावून बघितलं. ओळ सरळ होती.